‘का हरलो’ आणि ‘कोणामुळे हरलो’ : मराकानाच्या पराभवाचा पंचनामा

फुटबॉलच्या इतिहासात मोठे पराभव पुष्कळ झाले. पण ज्या पराभवाला स्वतःचे नाव मिळाले आणि जो त्या नावानेच पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेला, असे फार थोडे. दक्षिण अमेरिकेत ‘मराकानासो’ एवढा एक शब्द उच्चारला की पुढे काही सांगावे लागत नाही. १६ जुलै १९५० रोजी रिओ दि जानेरोच्या मराकाना मैदानावर यजमान ब्राझील विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेकडून २-१ असा हरला. हा सामना कसा झाला याविषयी विपुल लिहिले गेले आहे. आम्हांला येथे विचार करायचा आहे तो सामन्यानंतरच्या पंचनाम्याचा. आपला संघ हरला की त्याची मीमांसा करणे हा चाहत्यांचा हक्कच असतो. पण ती मीमांसा कोणत्या वाटेने गेली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहायला ब्राझीलइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

प्रथम घटनाक्रम. त्या वर्षी विश्वचषकाला नेहमीसारखा अंतिम सामना नव्हता. ब्राझील, उरुग्वे, स्पेन आणि स्वीडन या चार संघांची शेवटची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे धुऊन काढले होते. उरुग्वेने स्पेनशी २-२ अशी बरोबरी करून स्वीडनवर ३-२ असा निसटता विजय मिळवला होता. त्यामुळे शेवटच्या सामन्यात ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची अधिकृत संख्याच १,७३,८५० होती. प्रत्यक्षात आत सुमारे दोन लाख माणसे असावीत, असा अंदाज आहे. उत्तरार्ध सुरू होताच, ४७व्या मिनिटाला, फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. ६६व्या मिनिटाला उरुग्वेच्या गिगियाने उजव्या बगलेवरून मुसंडी मारून चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला गिगिया त्याच बाजूने पुन्हा घुसला. गोलरक्षक बार्बोझाला वाटले की हा मघासारखाच चेंडू मध्ये देणार, म्हणून तो किंचित पुढे सरकला. गिगियाने मात्र गोलरक्षक आणि जवळचा खांब यांमधल्या फटीतून चेंडू थेट जाळ्यात मारला. उरलेल्या अकरा मिनिटांत ब्राझीलला बरोबरीचा गोल करता आला नाही.

आता या निकालाची मीमांसा करायला त्या आठवड्यात ब्राझीलच्या चाहत्यापुढे किमान तीन वाटा मोकळ्या होत्या.

पहिली वाट आत्मपरीक्षणाची. सामन्याआधीच सारे राष्ट्र विजयोत्सवात बुडाले होते. एका वृत्तपत्राने संघाचे छायाचित्र ‘हे पाहा जगज्जेते’ अशा आशयाच्या मथळ्याने आधीच छापले होते. रिओच्या महापौरांनी भर मैदानात, सामना सुरू होण्यापूर्वी, खेळाडूंना विजेते म्हणून संबोधून भाषण ठोकले होते. वर्ष निवडणुकीचे होते. त्यामुळे संघाचा मुक्काम शहराबाहेरच्या निवांत जागेवरून वास्को द गामा क्लबच्या मैदानावर हलवला गेल्यावर तेथे पुढाऱ्यांची रीघ लागली. आणि या गदारोळात एक साधी गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. अवघ्या दहा आठवड्यांपूर्वी, मे महिन्यात, याच उरुग्वेने साओ पावलोमध्ये ब्राझीलला ४-३ असे हरवले होते. त्यानंतरचे दोन सामने ब्राझीलने जिंकले, पण ३-२ आणि १-० अशा एकेका गोलाच्या फरकानेच. १९३० चा विश्वचषक आणि त्याआधीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेला हा शेजारी होता. त्याच्याकडून हरणे दुःखद असेल, अघटित मात्र खचितच नव्हते.

दुसरी वाट खेळाच्या विश्लेषणाची. दोन्ही गोल एकाच बाजूने झाले. गिगियापुढे डाव्या बाजूला बिगोदे वारंवार एकटा पडत होता आणि त्याच्या मदतीला मधला बचावपटू जुव्हेनाल वेळेवर पोहोचत नव्हता. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती हे खरे. पण असलेल्या खेळाडूंच्या जागा बदलून ती बाजू बळकट करता आली असती. दोन गोलांमध्ये तब्बल तेरा मिनिटे गेली आणि भगदाड तसेच राहिले. हा प्रश्न प्रशिक्षक फ्लाव्हिओ कोस्टा यांच्या आखणीचा होता. शिवाय आणखी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा सामन्यांत ब्राझीलने २२ गोल केले आणि ६ स्वीकारले. म्हणजे बचावाने शेवटच्या दिवशी दोन गोल दिले, तर आधीच्या दोन सामन्यांत मिळून तेरा गोल करणाऱ्या आघाडीच्या फळीला त्या दिवशी एकच करता आला. झिझिन्यो, अदेमिर, जाइर हे त्या काळचे सर्वोत्तम त्रिकूट मानले जाई. जाब विचारायचाच तर तो त्यांनाही विचारता आला असता.

तिसरी वाट माणूस शोधण्याची होती, आणि बहुतेकांची पावले तिकडेच वळली. बार्बोझा, बिगोदे आणि जुव्हेनाल ही तीन नावे पुढे आली. तिघेही कृष्णवर्णीय. उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला याने पूर्वार्धात बिगोदेला थोबाडीत मारली आणि तो भेकडासारखा गप्प बसला, अशी वार्ता पसरली. पुढे दोघांनीही तसे घडल्याचे नाकारले. पण नाकारण्याला विचारतो कोण? ‘का हरलो’ या प्रश्नाची जागा ‘कोणामुळे हरलो’ या प्रश्नाने घेतली होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुढारी, वृत्तपत्रे, प्रशिक्षक आणि खुद्द जल्लोष करणारी जनता, सगळ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. दुसऱ्या प्रश्नाला एक नाव पुरते.

हीच नावे इतक्या सहज का सापडली, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. त्यानंतर काही वर्षांत फुटबॉल तेथे रुजला तो इंग्रजी वळणाच्या, श्रीमंत, गोऱ्या क्लबांमधून. १९२३ मध्ये वास्को द गामाने कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि कामकरी खेळाडूंच्या जोरावर रिओचे विजेतेपद पटकावले, तेव्हा प्रतिष्ठित क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला आत घेण्यासाठी बारा खेळाडू वगळण्याची अट घातली. ७ एप्रिल १९२४ च्या पत्रात वास्कोच्या अध्यक्षांनी ती अट बाणेदारपणे नाकारली. १९३८ च्या विश्वचषकात लिओनिदास या कृष्णवर्णीय खेळाडूने सर्वाधिक गोल केल्यावर वारे फिरले. समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरे यांनी ब्राझीलच्या खेळातील नजाकत ही वंशमिश्रणाची देणगी असल्याचे लिहिले. क्रीडापत्रकार मारिओ फिल्यो यांचा ब्राझिलियन फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांवरील ग्रंथ १९४७ मध्ये आला. मराकानाचे प्रचंड मैदान हे जणू या नव्या, मिश्र राष्ट्राचे मंदिर ठरणार होते. विजय मिळाला असता तर त्याचे श्रेय या मिश्रणाला मिळाले असते. पराभव झाला आणि तेच मिश्रण दोष ठरले.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. आघाडीच्या फळीतही गोरे नसलेले खेळाडू होते आणि त्यांच्यावर असा ठपका आला नाही. फ्लाव्हिओ कोस्टा यांच्यावरही त्या काळी टीका झाली. बळीचे बकरे शोधण्याच्या या कथेला वर्णाचे ठळक रूप मिळाले ते मुख्यतः मारिओ फिल्यो यांच्या ग्रंथाच्या १९६४ च्या आवृत्तीनंतर, असेही काही संशोधक म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यामुळे मूळ मुद्दा बाद होत नाही, उलट अधिक स्पष्ट होतो. निवाडा एका संध्याकाळी लागला नव्हता. तो वर्षानुवर्षे लागत राहिला आणि काळ जाईल तसा सौम्य न होता कठोर होत गेला. फ्लाव्हिओ कोस्टा १९५५ मध्ये पुन्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. बिगोदे आणि जुव्हेनाल मात्र ब्राझीलकडून पुन्हा कधीही खेळले नाहीत, आणि बार्बोझाच्या वाट्याला १९५३ मध्ये एकच सामना आला.

मोआसिर बार्बोझा हा काही सामान्य गोलरक्षक नव्हता. वास्कोने १९४८ मध्ये जिंकलेल्या दक्षिण अमेरिकी क्लब विजेतेपदात आणि ब्राझीलने १९४९ मध्ये जिंकलेल्या खंडीय स्पर्धेत तोच गोलरक्षक होता. निवृत्तीनंतर त्याने ज्या मराकानाने त्याचे नाव काळवंडले, त्याच मराकानाच्या संकुलात नोकरी केली. एका दुकानात एका बाईने त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला, साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच, असे सांगितल्याची आठवण तो सांगत असे. १९९३ मध्ये तो राष्ट्रीय संघाच्या सराव तळावर शुभेच्छा द्यायला गेला, तेव्हा त्याला अपशकुनी मानून आत येऊ दिले नाही. ब्राझीलच्या कायद्यात अधिकात अधिक शिक्षा तीस वर्षांची आहे आणि आपण मात्र पन्नास वर्षे शिक्षा भोगतो आहोत, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ७ एप्रिल २००० रोजी तो वारला. त्याच्या क्लबने कृष्णवर्णीय खेळाडूंना वगळायला नकार दिला त्याला त्या दिवशी बरोबर ७६ वर्षे होत होती.

राष्ट्राने बाकीचे सगळे बदलून पाहिले. पांढरा गणवेश अशुभ म्हणून टाकून दिला. नव्या गणवेशाच्या स्पर्धेत १९५३ मध्ये निवडला गेला तो आज जगभर ओळखला जाणारा पिवळा सदरा. गंमत अशी की त्याचा आरेखक, उरुग्वेच्या सीमेजवळ वाढलेला आल्दिर गार्सिआ श्ली, हा स्वतः उरुग्वेचा चाहता होता. १९५४ मध्ये हंगेरीकडून हार झाल्यावर पथकप्रमुखांच्या अहवालात पुन्हा वंशमिश्रणाकडेच बोट दाखवले गेले. १९५८ मध्ये नाटककार नेल्सन रोद्रिगेस यांनी ब्राझिलियन माणसाच्या या न्यूनगंडाला भटक्या कुत्र्याची उपमा देणारे नाव दिले. त्याच वर्षी पेले, गारिंचा, दिदी यांच्या संघाने स्वीडनमध्ये विश्वचषक जिंकला आणि वंशाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांची तोंडे तेवढ्यापुरती बंद झाली. गोलरक्षकाच्या बाबतीत मात्र शंका उरलीच. बार्बोझानंतर विश्वचषकासाठी पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून कृष्णवर्णीय खेळाडू उभा राहायला २००६ साल उजाडावे लागले, तो दिदा. मध्यंतरी १९६६ मध्ये मांगाला एक सामना मिळाला होता, तोही हरलेला.

पुढे ८ जुलै २०१४ रोजी, पुन्हा यजमान असताना, ब्राझील जर्मनीकडून ७-१ असा हरला. हा आकडा कोणा एकाच्या गळ्यात अडकवण्यासारखा नव्हता. त्यामुळे तरुण खेळाडूंचे प्रशिक्षण, जुनाट डावपेच आणि महासंघाचा कारभार यांवर बोलणे भाग पडले. त्या वेळचे महासंघाचे अध्यक्ष पुढच्याच वर्षी भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली झुरिकमध्ये पकडले गेले. १९५० मध्ये जो प्रश्न टाळता आला, तो २०१४ मध्ये टाळता आला नाही. बार्बोझा ते पाहायला नव्हता.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येईल का? १९५० च्या त्याच स्पर्धेत भारतालाही जागा मिळाली होती आणि आपला संघ गेला नाही. त्यामागे प्रवास, तयारी, प्राधान्यक्रम अशी अनेक कारणे सांगितली जातात; पण लोकांच्या तोंडी राहिली ती अनवाणी पायांची एकच सोपी गोष्ट. हे निरुपद्रवी उदाहरण झाले. दुसरे तसे नाही. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. एकाही भारतीय गोलंदाजाला बळी मिळाला नव्हता. तरीही समाजमाध्यमांवर देशद्रोहाची शिवीगाळ झाली ती मोहम्मद शमीला. त्याच वर्षीच्या जुलैत युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकवलेल्या तीन कृष्णवर्णीय इंग्लिश खेळाडूंच्या वाट्यालाही तेच आले होते. कर्णधार विराट कोहलीने शमीची बाजू जाहीरपणे घेतली, हे नोंदवले पाहिजे. १९५० मध्ये बार्बोझाला असा आधार मिळाला नाही.

चाहत्याने टीका करू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बार्बोझाने जवळचा खांब क्षणभर मोकळा सोडला, हे कोणीही म्हणावे. ते खेळाविषयीचे विधान आहे आणि त्यावर वाद घालता येतो. त्याने तो सोडला कारण तो ‘तसल्यांपैकी’ होता, असे म्हणताच विषय खेळाचा राहत नाही. ज्याचे आपलेपण विजय मिळेपर्यंतच गृहीत धरलेले असते, त्याच्याकडे पराभवाच्या दिवशी प्रथम बोट वळते. म्हणून संघ हरल्यावर आपण कोणाचे नाव घेतो यापेक्षा ते नाव आपल्याला इतक्या चटकन का सुचले, हे एकदा स्वतःला विचारावे. मराकानाच्या पंचनाम्यात हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही, आणि एका माणसाचे आयुष्य त्यात खर्ची पडले.