मूत्रातील एक शर्करायुक्त प्रथिन

मूत्र म्हणजे शरीराने टाकून दिलेले पाणी, अशीच सर्वसाधारण समजूत. वैद्य ते तपासत असत ते रोगाची खूण सापडावी म्हणून. निरोगी माणसाच्या मूत्राची विचारपूस फारशी कोणी करीत नसे. १८७३ साली इटलीतील कार्लो रोविडा यांनी मूत्राच्या साक्यातील नलिकाकार कणांत एक निराळे प्रथिन असल्याचे नोंदविले. पुढे ती नोंद विस्मृतीत गेली.

या प्रथिनाचे भाग्य उजळले ते इन्फ्ल्युएंझाच्या विषाणूमुळे. हा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो, हे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखविले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांना आढळले की, निरोगी माणसाच्या मूत्रातील एक द्रव्य या गुठळ्या होऊ देत नाही. ते वेगळे काढण्याची त्यांची कृती स्वयंपाकघरात शोभावी इतकी साधी होती: लिटरला सुमारे ३४ ग्रॅम मीठ घातले की ते तळाशी बसे. १९५० साली ही कृती प्रसिद्ध झाली आणि द्रव्याला दोघांची नावे मिळाली.

पण विषाणू याला धरतो तो कशाच्या बळावर? मेलबर्नमध्ये आल्फ्रेड गॉटशॉक यांनी दाखविले की, विषाणूच्याच अंगचे एक विकर या प्रथिनातून एक लहान रेणू तोडून काढते. तो रेणू म्हणजे सायॅलिक आम्ल, शर्करांच्या साखळीच्या टोकाशी असलेली आम्लधर्मी शर्करा. रक्तपेशींच्या पृष्ठभागीही तीच असते. विषाणू पेशीला चिकटतो तो तिलाच धरून. प्रथिन जणू तीच मूठ पुढे करून त्याला वाटेत अडकवी. त्या विकराला रोखणारी औषधे १९९९ साली वापरात आली, यावरून या शोधाची किंमत ध्यानात यावी.

१९७० मध्ये लंडनमध्ये फ्लेचर, न्यूबर्गर आणि रॅटक्लिफ यांनी या द्रव्याची घटना बारकाईने तपासली. त्यात सुमारे तीस टक्के भाग शर्करांचा: गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज आणि अमिनो-शर्करा. सत्तर लाख रेणुभाराचा मानला गेलेला हा महाकाय, प्रत्यक्षात सुमारे ऐंशी हजारांच्या घटकांची माळ ठरला.

ही माळ मूत्रपिंडाच्याच नलिकांत घडते. २००४ मध्ये हे प्रथिन नसलेल्या उंदरांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग सहज होतो असे दिसले. २०२० साली तिचे तंतू जंतूंना वेढून घेतात आणि मूत्राबरोबर बाहेर वाहून नेतात, हेही उघड झाले.