दुर्रीची जोडी

दुर्री, तिर्री, पंजी, छक्की हीं पत्त्यांचीं नांवें उच्चारतांच त्यांत थोडी हेटाळणी ऐकूं येते. राजा-राणीस ती लागत नाहीं. परंतु लहान पानाची ही अवहेलना आपल्याकडे सनातन नव्हे. पत्त्यांआधीं गंजिफा होता. बाबरानें १५२७ सालीं तो सिंधच्या शाह हसनाकडे धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग, एकूण पानें १२०. राजा आणि प्रधान प्रत्येक रंगांत. राणी कोठेंच नाहीं! पांच रंगांत प्रधानाखालीं दश्शी बसते, उरलेल्या पांचांत एक्का, आणि तेथें दश्शी सर्वांत कनिष्ठ. लहान पानाची किंमत अशी रंगावर ठरे.

तीन पत्तीमध्यें ती सोबतीवर ठरते. एकाकी दुर्रीस कोणी विचारीत नाहीं. दोन दुर्र्या मात्र सुट्या एक्क्यास सहज मारतात. सोलापुरांत काय किंवा पुण्यांत काय, दिवाळीच्या बैठकींत नवखा येथेंच फसतो. तीन पानांचे २२,१०० हात संभवतात; त्यांपैकीं १६,४४० हातांत जोडीही नसते. म्हणून एकच भिडू समोर असेल तर दुर्रीची जोडी चारांत सुमारें तीनदां सरस ठरते. पांच भिडू शेवटपर्यंत टिकले तर मात्र चारांत जेमतेम एकदां. पानें तींच, बदलतें तें भोंवतालचें माणूस. जाणता खेळाडू म्हणूनच आधीं बैठकीकडे पाहतो, मग हाताकडे.