गिऱ्हाईक मालक झाले तेव्हा

वर्गात सहकार शिकवताना मी मुलांना विचारतो, "दुकान कुणाचं?" उत्तर ठरलेले असते, "दुकानदाराचं." मग मी त्यांना इंग्लंडमधल्या रॉचडेलला नेतो.

हे कापड विणणाऱ्यांचे गाव. यंत्रमाग आले आणि हातमागाची मजुरी घसरली. बाजारात पिठात भेसळ, मापात पाप. उधारी थकलेली म्हणून दुकान बदलायचीही सोय नाही. अशा वेळी विणकर आणि इतर कारागीर मिळून २८ जणांनी आठवड्याला काही पेनी बाजूला टाकत प्रत्येकी १ पौंड जमवला. २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर त्यांचे दुकान उघडले. माल किती? थोडे पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या.

सहकारी दुकाने त्याआधीही निघाली होती, बुडालीही होती. रॉचडेलकर टिकले ते नियमांमुळे. माल शुद्ध, माप पूर्ण, व्यवहार रोखीचा. भांडवलावर मर्यादित व्याज आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. शेअर कितीही असोत, मत एकच. स्त्रियांनाही सभासद होऊन मत देता येई. त्या काळी संसदेसाठी स्त्रियांना मत नव्हते, बहुतेक कामगारांनाही नव्हते.

मुंबईत १९४८ साली नायगावात सुरू झालेला अपना बाजार याच वाटेवरचा.

ही गोष्ट सांगताना मी दरवेळी अडखळतो. आमच्याकडे शिक्षकांचे एक ग्राहक भांडार होते. मीही सभासद होतो. वार्षिक सभेची नोटीस यायची. सभेला न जाता नंतर रजिस्टरवर सही करून मी मोकळा व्हायचो. उधारी वाढत गेली, त्यात माझीही होती. एक दिवस शटर खाली आले ते पुन्हा वर गेलेच नाही. स्टाफरूममध्ये आम्ही संचालकांना नावे ठेवली. त्यांना निवडून कुणी दिले होते, हे कुणीच विचारले नाही.

आता मोहल्ल्यातले काही तरुण मिळून किराणा दुकान काढायचे म्हणतात. एकाने शंका काढली, "सर, यात व्याज आलं ना?" मी म्हटले, "भांडवलावरचं व्याज नको असेल तर ठेवू नका. खरेदीवर परत मिळतात ते आपणच जादा दिलेले पैसे." उधारी नको, हेही बजावले. आणि सभेला या, हिशेब विचारा, असे सांगताना माझा आवाज थोडा खाली गेला.

पहिली सभा जुम्म्याच्या नमाजनंतर आहे. मी जाणार आहे.