डोकं कुठे ठेवायचं? (भागाचं लिखित रूप)

वेब पानाचं काम सर्व्हरने करायचं की आपल्या यंत्राने, हा वाद जुना आहे. मी डोंबिवलीकर, त्यामुळे रेल्वेच्याच भाषेत सांगतो.

आरक्षणाची खिडकी आठवा. क्लार्कपुढचा टर्मिनल स्वतः काही ठरवत नसे. अक्षरं पाठवायची, आलेलं उत्तर दाखवायचं. डोकं सगळं दूरच्या मोठ्या संगणकात. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाचं स्वस्तातलं शेल खातंही असंच. ब्राउझर चालायचा त्यांच्या मशीनवर, घरी यायचा नुसता मजकूर. आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला होता!

२००२ला आयआरसीटीसी आलं. तिकीट वेबवर काढायचं, कागद कुरिअरने घरी. दर पायरीला अख्खं पान नव्याने लोड. मग २००४चं जीमेल, २००५चे गुगल मॅप्स. पान जागेवरच, आतला तुकडा तेवढा बदलतो. या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव २००५ला पडलं, पण त्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये १९९९पासून होती. सहा वर्षं कुणी फारसं विचारलं नाही, बघा.

माझ्या मते या विषयातलं आपलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर. लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. तिथे रेंज गेली तरी ठाण्याहून पुढची गाडी कधी, ते दिसायचं. वेळापत्रक काही रोज बदलत नाही, म्हणून हे चालतं.

पण गणपतीत कोकणचा शेवटचा बर्थ? कल्याणच्या आणि ठाण्याच्या, दोन्ही फोनांवर 'एक शिल्लक' दिसतंय. निवाडा कोण करणार? सर्व्हरच. फोनवर कितीही चकचकीत बटण लावा.

यूटीएस अ‍ॅप आलं तेव्हा आणखी वेगळा पेच. रुळांजवळ उभं राहून तिकीट काढता येऊ नये, असा नियम. तुम्ही कुठे उभे आहात ते फक्त फोनला माहीत. त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा?

२०१३ला रिॲक्ट आलं आणि पानं ब्राउझरमध्येच बांधायची लाटच आली. साध्या अर्जालाही ढीगभर जावास्क्रिप्ट, स्वस्त फोन गरम! २०२०ला कार्सन ग्रॉस यांचं एचटीएमएक्स आलं, त्यात सर्व्हर पुन्हा तयार एचटीएमएलचा तुकडा पाठवतो. चार रकान्यांच्या अर्जाला मी आज तेच वापरतो. वेळापत्रक मात्र फोनमध्येच हवं.