पूर्वधक्क्यांची भाषा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून तेरणाकाठची गावे गाढ झोपेत होती. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे होती, तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर भूकंप झाला. तीव्रता होती सुमारे ६.२. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे ढिगारे होऊन पडली. मृतांचे आकडे नोंदींगणिक बदलतात. ते आठ ते दहा हजारांच्या घरात आहेत.

ही पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच्या आदल्या वर्षाची आठवण मात्र फारशी निघत नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसरात शंभराहून अधिक लहान धक्के नोंदले गेले होते. त्यातला १८ ऑक्टोबरचा धक्का चारच्या आसपास तीव्रतेचा होता. लोक घाबरले. मग धक्के थांबले. हा प्रदेश तेव्हाच्या नकाशावर देशातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. घरे होती तशीच राहिली, माणसे त्याच छपरांखाली निजू लागली.

भूकंपशास्त्रात मोठ्या भूकंपाच्या आधीच्या अशा धक्क्यांना ‘पूर्वधक्के’ म्हणतात. शब्दांचाच व्यवहार करणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दाची एक अडचण जाणवते. पूर्वधक्का येताना पूर्वधक्का नसतो. तो साधा धक्का असतो. मागून मोठा भूकंप आला, की मगच त्याला हे नाव मिळते. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले. तिथले आदिवासी पाडे थंडीत तंबूंत झोपले. पुढच्या काळात हजारो धक्के नोंदले गेले, पण मोठा भूकंप आला नाही. किल्लारीचा १९९२ चा धक्का आणि तलासरीचा धक्का, दोन्ही पायांखाली सारखेच जाणवले असतील. कॅलिफोर्नियातल्या नोंदी सांगतात, की एखाद्या धक्क्यामागून काही दिवसांत त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता शंभरात पाच-सहा एवढीच असते.

मग मोठा भूकंप सुरू होतो तरी कसा? जमिनीखाली खडकांचे दोन भाग एखाद्या भेगेवर एकमेकांना घट्ट धरून असतात. ताण वाढत जातो आणि एका क्षणी ती पकड सुटते. या सुटण्याविषयी शास्त्रज्ञांत दोन मते आहेत. पहिले मत असे, की दरड कोसळण्याआधी जसा उतार हळूहळू सरकू लागतो, तशी ही भेगही आधी निःशब्द सरकू लागते. पूर्वधक्के म्हणजे त्या सरकण्याची करकर. हे खरे असेल, तर मोठ्या भूकंपाची तयारी आधी ओळखता येईल. दुसरे मत असे, की एका काडीने दुसरी पेटावी तसा एक धक्का शेजारचा धक्का जागवतो. बहुतेक वेळा ही आग चार काड्यांत विझते, क्वचित सारे रान पेटते. हे खरे असेल, तर लहान आणि मोठा भूकंप सारखेच सुरू होतात आणि ओळखण्यासारखे आधी काहीच नसते.

जपानमध्ये ९ मार्च २०११ रोजी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तोच मुख्य भूकंप वाटावा एवढा मोठा! ५१ तासांनी, ११ मार्चला, ९.० तीव्रतेचा महाभूकंप आणि त्सुनामी आली. मधल्या काळातले छोटे धक्के मुख्य भूकंपाच्या जागेकडे सरकत गेले होते, हे संशोधकांना दिसले. पण ते नंतर. दोन मतांमधला वाद आजही मिटलेला नाही.

चीनच्या हायचेंगमध्ये मात्र पूर्वधक्क्यांनी माणसे वाचवली. ४ फेब्रुवारी १९७५ च्या संध्याकाळी तिथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवसभरात शेकडो धक्के बसल्याने अनेक ठिकाणी लोकांना कडाक्याच्या थंडीत घराबाहेर काढले होते. सुमारे दोन हजार माणसे गेली. एरवी हा आकडा कितीतरी मोठा असता. भूकंपाचे भाकीत जमले, असे जगाला वाटले. दीड वर्षही झाले नाही तोच २८ जुलै १९७६ च्या पहाटे तांगशान शहर उद्ध्वस्त झाले. तिथे सावध करतील असे पूर्वधक्के आलेच नाहीत. सरकारी आकड्यानुसार दोन लाख बेचाळीस हजार माणसे गेली.

धक्के आले, तरी त्यांचा अर्थ लावताना चूक होऊ शकते. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला कित्येक आठवडे धक्के बसत होते. छोट्या धक्क्यांनी ताण निघून जातो, तेव्हा काळजी नको, असा दिलासा अधिकाऱ्याकडून दिला गेला. ६ एप्रिलच्या भूकंपात तिथे ३०९ जण मेले. हा दिलासा आपल्याकडेही ऐकू येतो. हिशेब मात्र वेगळा आहे. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, दोन अंकांनी वाढली की हजार पट. सहा तीव्रतेचा भूकंप टाळायचा, तर चार तीव्रतेचे हजार धक्के लागतील. किल्लारीच्या शंभरेक लहान धक्क्यांनी कितीसा ताण निघणार होता?

आमच्या दखनी बोलीत भूकंपाला ‘जलजला’ म्हणतात. मूळ अरबी शब्द ‘जलजला’ याच धाटणीचा आहे. त्यातले ‘जल’ दोनदा येते, जणू हादरा एकदा येऊन थांबत नाही, हे त्या शब्दालाच ठाऊक आहे. आपल्याला मात्र दुसऱ्या हादऱ्याची वेळ ठाऊक नाही आणि नजीकच्या काळात ती कळेल असेही दिसत नाही.

म्हणून धक्क्यांना ‘पुढे काय होणार?’ असे विचारण्यापेक्षा ‘घर कसे आहे?’ असे आपल्यालाच विचारावे. तेरणाकाठी भूकंपाइतकेच दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांवरच्या मातीच्या ओझ्याने लोकांना मारले. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड, दारांवरून चारही भिंतींना आवळणारा काँक्रीटचा पट्टा, छपरावरची उतरवलेली माती, एवढ्याने पुष्कळ घरे तग धरू शकतात. यासाठी भाकीत लागत नाही. १९९२ च्या नोव्हेंबरपासून १९९३ च्या सप्टेंबरअखेरीपर्यंत दहा महिने मिळाले होते. पुढे कुठल्याही गावात जमीन हलू लागली, तर तो काळ भिंती पाहण्यात जावा.