पिशवीतले कोडे

यंदा अंगणातल्या किल्ल्यावर आमच्या नातवाने मावळ्यांच्या शेजारी एक कांगारू उभे केले. "हे इथे कशाला रे?" असे विचारले, तर म्हणतो, "आजोबा, पोटाला पिशवी असलेला जगात हा एकच प्राणी!"

एकच नव्हे, वाचकहो. आणि युरोपने प्रथम पाहिला तोही हा नव्हे. तो मान अमेरिकेतल्या ओपॉसमचा.

कोलंबसाच्या पहिल्या सफरीत 'निन्या' जहाजाचा कप्तान असलेला पिन्सोन 1500 साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तिथे त्याला पिलांसह एक मादी सापडली. पिले वाटेतच गेली. मादी मात्र ग्रानाडाला राजा फर्दिनांद आणि राणी इसाबेला यांच्यापुढे नेण्यात आली. त्यांनी पिशवीत बोटे घालून पाहिली, असे सांगतात. पाहणाऱ्यांनी वर्णन केले तेही उसनवारीचे : तोंड कोल्ह्याचे, कान वटवाघळाचे, हात माणसाचे. तिचे स्वतःचे असे काही कोणाला दिसलेच नाही!

पुढे व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतले तिचे नाव जॉन स्मिथ याने 1612 साली छापून प्रसिद्ध केले. 1698 साली लंडनच्या एडवर्ड टायसनने एका मादीचे विच्छेदन केले, तेव्हा आत दुहेरी गर्भाशय आढळले. पण पिलू तिथून पिशवीत जाते कसे? लोकांनी उत्तर शोधले ते असे : पिले नाकात जन्मतात आणि आई ती पिशवीत शिंकरते. शिकलेले म्हणत, आई ओठांनी उचलून ठेवत असेल.

अखेर टेक्सासमधल्या कार्ल हार्टमनने पिंजऱ्यापाशी बसून प्रत्यक्ष जन्म पाहिला आणि 1920 साली तो वृत्तांत प्रसिद्ध केला. अवघ्या तेरा दिवसांचा गर्भ, मधमाशीएवढा, आंधळा. पण पुढचे पाय मारीत, आईच्या केसांतून वाट काढीत तो स्वतःच पिशवीत पोचतो! आई त्याला चाटून पुसते, पिशवीत तोंड घालून ती साफ करते, एवढेच. शिंकेची कथा उगवली ती बहुधा इथूनच. पिशवीत सड बहुधा तेरा. पिले पुष्कळदा त्याहून जास्त. ज्याला सड मिळाला ते जगले. उरलेल्यांसाठी आईलाही काही करता येत नाही.

तिच्या मरणाच्या सोंगाचेही तसेच. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, असे आपण म्हणतो. पण संकटात जीभ बाहेर टाकून पडणारा ओपॉसम सोंग घेतच नाही. ती मूर्च्छा त्याच्या इच्छेबाहेरची असते. लबाडीचा शिक्का मारला तो आपण.

चारशे वीस वर्षे माणसे तिच्याविषयी बोलत राहिली. बोलणे थांबवून कोणीतरी बसून पाहिले, तेव्हा कुठे कोडे सुटले.

एवढे सांगून मी थांबलो. नातवाने क्षणभर विचार केला आणि कांगारूशेजारी मातीचा एक गोळा ठेवला. "हा तुमचा ओपॉसम. सध्या मूर्च्छेत आहे, हात लावू नका!"