स्थानिक परिषदांच्या कारभाराची छाननी, इंग्लंडमधील

लोकनियुक्त स्थानिक परिषदेने जमविलेल्या व खर्च केलेल्या पैशाची, तिने पुरविलेल्या सेवांच्या दर्जाची आणि तिच्या निर्णयांची पद्धतशीर तपासणी. इंग्लंडमध्ये हे काम निरनिराळ्या काळी मुख्यतः तिघांकडे राहिले : कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेला जिल्हा लेखापरीक्षक, मध्यवर्ती आयोग आणि परिषदेचे स्वतःचे सदस्य. मतदारांनी निवडलेल्या संस्थेने जाब कोणाला द्यावयाचा, हा या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

या पद्धतीचा उगम दरिद्रीसाहाय्याच्या व्यवस्थेत आहे. १८३४ च्या कायद्याने दरिद्रीसाहाय्याचा कारभार पालकमंडळांकडे सोपविण्यात आला व त्यांचे हिशेब तपासण्यासाठी १८४४ मध्ये जिल्हा लेखापरीक्षकाचे पद निर्माण झाले. बेकायदा खर्च नामंजूर करून तो मंजूर करणाऱ्या व्यक्तींकडून वसूल करण्याचा अधिकार त्याला होता. या वसुलीस अधिभार म्हणत. पुढे इतर स्थानिक संस्थाही क्रमाक्रमाने त्याच्या कक्षेत आल्या. याउलट १८३५ च्या नगरपालिका अधिनियमाखाली सुधारणा झालेल्या १७८ नगरांत करदात्यांनी निवडलेले लेखापरीक्षक असत. त्यांना अधिभाराचा अधिकार नव्हता.

लेखापरीक्षक आणि लोकनियुक्त सदस्य यांच्यातील संघर्षाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पूर्व लंडनमधील पॉप्लर बरो हे होय. गरीब वस्तीच्या या बरोमधील मजूर पक्षाच्या परिषदेने १९२१ मध्ये लंडन काउंटी परिषद व अन्य संस्थांसाठी कर गोळा करण्यास नकार दिला. त्याबद्दल जॉर्ज लॅन्सबरी यांच्यासह ३० सदस्यांना सुमारे सहा आठवडे तुरुंगवास घडला. त्यानंतर दरिद्रीसाहाय्याचा भार लंडनच्या श्रीमंत व गरीब भागांत अधिक समान वाटण्याची तरतूद संसदेने केली. याच परिषदेने स्त्रीपुरुष कामगारांना आठवड्याला किमान चार पौंड वेतन ठरविले होते. राहणीखर्च घटल्यानंतरही ते कायम ठेवल्यामुळे लेखापरीक्षकाने जादा रकमेपैकी ५,००० पौंडांचा अधिभार लादला. परिषदेला योग्य वाटेल ते वेतन देण्याची मुभा कायद्यात होती. तथापि ही मुभा वाजवीपणे वापरली पाहिजे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९२५ मध्ये देऊन लेखापरीक्षकाची बाजू उचलून धरली. खर्चाचे धोरण मतदारांनी ठरवावे की न्यायालयाने, हा वाद येथून पुढे चालू राहिला.

१९७२ च्या गृहवित्त अधिनियमानुसार घरभाडे वाढविण्यास नकार दिल्याबद्दल डर्बीशरमधील क्ले क्रॉस येथील ११ सदस्यांवर अधिभार बसला. कर ठरविण्यात १९८५ मध्ये मुद्दाम विलंब लावल्याबद्दल लिव्हरपूलच्या ४७ सदस्यांना १,०६,१०३ पौंडांस जबाबदार धरण्यात आले व ते अपात्र ठरले. अधिभाराची झळ केवळ मजूर पक्षालाच बसली असे मात्र नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर परिषदेतील हुजूर पक्षाच्या नेत्या शर्ली पोर्टर यांनी निवडणुकीच्या फायद्यासाठी चुरशीच्या प्रभागांतील परिषदेची घरे विकण्याचे धोरण राबविले. ते बेकायदा असल्याचे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००१ मध्ये ठरविले.

हिशेबाच्या कायदेशीरपणाबरोबरच पैशाचा मोबदला तपासावा, हा विचार १९८० नंतर प्रबळ झाला. १९८२ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या लेखापरीक्षण आयोगाचे काम १९८३ मध्ये सुरू झाले. काटकसर, कार्यक्षमता व परिणामकारकता या तीन कसोट्या त्याने लावल्या. याच दशकात अनेक सेवांसाठी स्पर्धात्मक निविदा सक्तीच्या करण्यात आल्या. १९९९ च्या अधिनियमाने ही सक्ती रद्द करून सेवांमध्ये सतत सुधारणा करण्याचे कर्तव्य परिषदांवर घातले. २००२ पासून आयोग परिषदांना ‘उत्कृष्ट’ ते ‘निकृष्ट’ अशा पाच श्रेणी देऊ लागला. त्यामुळे नागरिकांना तुलना करता येऊ लागली. मात्र परिषदांचे लक्ष मतदारांऐवजी निरीक्षकांकडे लागते, अशी टीकाही झाली.

परिषदेतील अंतर्गत छाननीचा पाया २००० च्या स्थानिक शासन अधिनियमाने घातला. तोपर्यंत निर्णय विषयवार समित्यांत होत. नव्या रचनेत बहुतेक परिषदांत ते नेता वा थेट निवडलेला महापौर आणि छोटे कार्यकारी मंडळ यांच्याकडे गेले. उरलेल्या सदस्यांच्या छाननी समित्या झाल्या. कार्यकारी सदस्यांना व अधिकाऱ्यांना साक्षीस बोलावणे, अहवाल देणे आणि अंमलबजावणीपूर्वी निर्णय फेरविचारार्थ परत पाठविणे हे अधिकार त्यांना मिळाले. निर्णय रद्द करण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. याच अधिनियमाने अधिभाराची पद्धत संपुष्टात आणली.

या समित्यांची मर्यादा लवकरच दिसून आली. अध्यक्ष पुष्कळदा सत्ताधारी पक्षाचाच असे, कर्मचारीवर्ग अपुरा असे आणि पक्षशिस्तीमुळे प्रश्न मवाळ होत. स्टॅफर्ड येथील रुग्णालयातील रुग्णांच्या हालांची चौकशी करणाऱ्या २०१३ च्या फ्रान्सिस अहवालाने स्थानिक छाननी समित्यांवर ठपका ठेवला. रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज २०१४ च्या जे अहवालाने मांडला. पुढील वर्षी तेथील परिषदेचे कार्यकारी अधिकार शासननियुक्त आयुक्तांकडे देण्यात आले. इशारे मिळूनही ठामपणे जाब न विचारल्याची किंमत येथे दुर्बल नागरिकांनी मोजली.

दरम्यान २०१० मध्ये शासनाने लेखापरीक्षण आयोग बंद करण्याचे जाहीर केले व मार्च २०१५ अखेर तो बंद झाला. लेखापरीक्षण खाजगी संस्थांकडे गेले. याच काळात केंद्रीय अनुदानांत मोठी कपात झाली आणि काही परिषदांनी कर्ज काढून व्यापारी मालमत्तेत पैसा गुंतविला. उत्पन्नातून खर्च भागणार नाही अशी वैधानिक सूचना मुख्य वित्त अधिकाऱ्याने दिल्यास नवा खर्च थांबतो. अशी सूचना २०१८ मध्ये नॉर्थॅम्प्टनशर, २०२० मध्ये क्रॉयडन आणि २०२३ मध्ये वोकिंग व बर्मिंगहॅम येथे निघाली. छाननीसाठी माहिती मागणाऱ्या सदस्यांना ती नाकारली जाई, अशी तक्रार नॉर्थॅम्प्टनशरच्या तपासणीत पुढे आली. ती काउंटी परिषद २०२१ मध्ये विसर्जित करून तिच्या जागी दोन परिषदा स्थापण्यात आल्या.

छाननी समित्यांसाठी २०१९ मध्ये वैधानिक मार्गदर्शिका निघाली व प्रश्न विचारण्यास पोषक वातावरणावर तिने भर दिला. सप्टेंबर २०२३ अखेर इंग्लंडमधील स्थानिक संस्थांचे ९१८ लेखापरीक्षण अहवाल प्रलंबित होते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने नवे स्थानिक लेखापरीक्षण कार्यालय स्थापण्याचा मनोदय जाहीर केला. मध्यवर्ती यंत्रणा मोडल्यावर दशकाच्या आतच तिची उणीव मान्य करावी लागली. बाहेरील तपासणी व अंतर्गत छाननी परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत, असे या अनुभवावरून दिसते. कारण वेळेवर तपासलेले हिशेब हाती नसतील, तर जागरूक सदस्यालाही नेमका प्रश्न विचारता येत नाही.